बिननावाचा कागद

आमच्या आंटीच्या हातात काहीही द्या, ती आधी ते उलटं करून बघायची. चहाची बशी, बिस्किटाचा पुडा, लग्नाची पत्रिका, काहीही. एका दिवाळीला शेठनं सगळ्यांना स्टीलचे डबे वाटले. बाकीच्यांनी झाकण उघडून आत काही आहे का ते बघितलं. आंटीनं डबा पालथा घातला, बुडाला नख लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, हलका हाय. शेठ हसला, पण कानशिलं लाल झाली होती त्याची. पुढच्या वर्षी त्यानं मिठाई दिली. आंटीनं बॉक्स उलटा करून तारीख वाचली.

हाटकेशला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमचं युनिट. इमिटेशन दागिन्यांचं. खालच्या गाळ्यात प्लेटिंगवाले, त्यामुळे जिना चढतानाच नाकात आम्लाचा वास जायचा आणि घसा खवखवायचा. वर डिझाइनवाले, कास्टिंगवाले, खडे चिकटवणाऱ्या बायका. आणि टोकाला सॅम्पल रूम, म्हणजे जिथं नवीन दागिन्याचा पहिला एकच नग बनतो ती खोली. तिथं आंटीचं राज्य. ती पास म्हणाली की मगच माल बनायचा. तिच्या पाठीमागे एक लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली तिच्या फ्रॉकच्या आतल्या खिशात असायची आणि खिशाला सेफ्टी पिन.

साठीला आलेली बाई. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, चष्म्याला काळी दोरी, केस घट्ट बांधलेले. अंगावर दागिना म्हणाल तर एक नाही. आयुष्य दागिन्यांत गेलं आणि कानात साधी काडीसुद्धा नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, दिवसभर बघते ते काय कमी हाय, घरी पण तेच घालून बसू? ती उत्तनच्या पलीकडे पालीची. घरी होडी, भाऊ दर्यावर जाणारे. मासा विकत घेताना कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, हे लहानपणापासून हातात बसलेलं. माणसांच्या बाबतीतही ती तेच करायला जायची, फक्त माणसाचा कल्ला कुठं असतो ते सापडत नव्हतं, म्हणून कायम वैतागलेली.

तिचं एक वाक्य होतं. पुढून सगल्या राण्याच. हार असो, बाई असो, शेठ असो. शेठला वाटायचं गिऱ्हाईक पुढचं बघून पैसे देतं. ‘पीछे कौन देखता है, आंटी?’ असं तो दर आठवड्याला विचारायचा. आंटीचं म्हणणं, गिऱ्हाईक पुढचं बघतं खरं, पण गळ्याला लागतं ते मागचं. कडी कुठं टोचते, झाळ दिलेला सांधा कुठं खरखरतो, वजन कुठं ओढतं, ते सगळं मागे. यावरून दोघांची भांडणं मी चार वर्षं ऐकली, आणि बहुतेक वेळा शेठ जिंकला, कारण युनिट त्याचं होतं.

आता मी तिथं कशी आले ते सांगते, कारण आंटी खरी कळली ती तिथंच. म्हणजे तेव्हा वाटलं कळली. कळायला पुढं चार वर्षं लागली.

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्यानं चार मिरच्या जास्त टाकल्या तर मी पिशवीत हात घालून बघते, कुजकी कुठली दिली म्हणून. त्यात वर्षभरापूर्वी एक प्रकार झालेला. दागिन्यांच्या डिझाइनचा डिप्लोमा करून मी पहिल्यांदाच इंटरव्ह्यूला गेले होते, दूर शहरात एका चकचकीत ऑफिसात. त्यांनी पाच डिझाइनं ठेवून घेतली, कळवतो म्हणाले. कळवलं काही नाही. दोन महिन्यांनी भाईंदर स्टेशनबाहेरच्या गल्लीत, प्लास्टिकच्या कार्डाला टोचलेला माझा झुमका मला दिसला. माझाच, कारण मी काढताना चुकले होते, एका बाजूला पाच मणी आणि दुसऱ्या बाजूला सहा. त्या शहाण्यांनी चूकसुद्धा तशीच्या तशी ओतली होती. मी दुकानात उभी राहून मणी मोजत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दुकानदाराला वाटलं भाव परवडत नाहीये. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, पुरावा काय? पुरावा काहीच नव्हता. कागदावर मी नाव टाकलं नव्हतं.

बाबांनी परळची खोली विकून मीरा रोडला वन बीएचके घेतलेला, निवृत्त झालेले, आणि माझ्या डिप्लोमाची फी त्यांना अजून दुखत होती. त्यांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत या लाइनीत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आतेभावाच्या ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढायला बसायचं. गणपती होऊन गेले होते. म्हणजे हातात महिना-दीड महिना. अशात व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली. हाटकेशला क्रिएटिव्ह डिझायनर पाहिजे, वॉक-इन, एकच जागा. फाइल आणू नये, फक्त पेन्सिल आणावी.

फाइल आणू नये? माझं डोकं लगेच चालू. फाइल नको म्हणजे काय, कोरे कागद देणार, आपल्याकडून काढून घेणार, आणि कागद त्यांचे म्हणून डिझाइनही त्यांचं. पण दिवाळी डोक्यावर. जायला तर हवं होतं.

मग मी रात्रभर विचार करून एक अक्कल लढवली. माझी खरी चव्वेचाळीस पानांची वही मी कुणालाही दाखवणार नव्हते. तिथं जाऊन भलत्याच कुणाचं तरी डिझाइन काढायचं. चोरलं तर चोरलं, माझ्या बापाचं काय जातंय? आणि काढायला माझ्यासमोर होता आईचा हार. भाईंदरच्या मार्केटातून घेतलेला, माशाच्या खवल्यांसारखी पानं एकावर एक, दिसायला झकास. पण मावसबहिणीच्या लग्नात तो हार आईला नीट घालून मिरवू देईना. पाच मिनिटं झाली की खवले उलटे व्हायचे. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत आईच्या गळ्यात हाराचा मागचा काळपट पत्रा दिसतो. मी दिवसभर तिच्या मागे उभी राहून ते सरळ करत होते, म्हणून तो हार मला पाठ.

वॉक-इनच्या दिवशी गेटवर वॉचमननं फोन आणि पर्स काढून घेतल्या आणि नंबरच्या चिठ्ठ्या दिल्या. माझा सतरा. पर्समध्ये खरी वही होती, घरी ठेवायचा पण भरवसा वाटला नव्हता म्हणून. आईच्या पाककृतींच्या वहीचं कव्हर घातलं होतं तिला. पर्स इतर चाळीस पर्सांच्या ढिगात गेली आणि माझा अर्धा जीव तिथंच राहिला. वर खुर्च्या, पॅडं, कोरे कागद. आंटी मध्ये उभी. ती रांगेतून फिरली आणि एकेकीच्या कानाची पाळी धरून कानातलं उलटं करून बघितलं. विचारणं नाही, सॉरी नाही. माझ्या शेजारी नायगावची एक मुलगी होती, ती कुजबुजली की इथं दरवर्षी असंच बोलावतात, घेत कुणालाच नाहीत, आणि दोन महिन्यांनी यांचा नवीन माल बाजारात येतो. मी म्हटलं, बघ, वाटलंच होतं.

आंटीनं सांगितलं, कागदावर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. माझा संशय पक्का झाला. मी शांतपणे आईचा हार काढला, खवला न् खवला. मनातल्या मनात हसत होते.

अर्ध्या तासानं तिनं टाळी वाजवली. म्हणाली, आता कागद पलटा आणि त्याचीच मागची बाजू काढा. कडी कुठं, जोड कुठं, वजन कोण धरतं, सगलं.

हॉलमध्ये एकदम चुळबुळ झाली. अर्ध्या मुलींनी फोनवर बघितलेली डिझाइनं काढली होती, फोटोत मागची बाजू नसते. काही उठूनच गेल्या. मलाही घाम फुटला, कारण आईच्या हाराची मागची बाजू म्हणजे नुसता सपाट पत्रा, ते काय काढणार? मग लग्नातला तो दिवस आठवला आणि डोकं सणकलं. ज्यानं हा हार बनवला त्याला एवढी अक्कल नको? प्रत्येक खवल्याला मागून एक कडी, आणि सगळ्या कड्यांतून एक बारीक साखळी ओवली असती की हार जागचा हलला नसता. मी तसं काढलं. कुणाला इम्प्रेस करायचं म्हणून नाही, रागानं काढलं.

आंटी कागद गोळा करून आत गेली. बराच वेळ काही नाही. मग दार उघडून तिनं सतरा नंबर पुकारला. मी आत गेले, तिनं दार लावून घेतलं. माझा कागद तिच्या हातात होता आणि ती कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. चेहरा असा, की जणू मीच तिला काहीतरी करायला आले आहे.

‘ही साखली कुठून आणलीस?’

मला वाटलं, पकडले गेले. पण माझं तोंड अशा वेळी जास्तच चालतं. मी म्हटलं, ‘डोक्यातून.’

‘आधी कधी आली होतीस इथं?’

हा काय प्रश्न झाला? मला वाटलं, ही सापळा लावतेय. मी पण तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, ‘तुम्हीच आठवा की.’

ती खुर्चीत बसली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाली, सोमवारपासून ये. खाली येऊन मी आधी पर्स उघडली, वहीची पानं मोजली. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. सगळी जागेवर आहेत म्हटल्यावर मला उलट जास्तच काळजी वाटली. बाबांनाही वाटली. चौकशी नाही, सर्टिफिकेटं नाहीत, अशी कुठं नोकरी असते का, म्हणाले. आई तेवढी देवाजवळ साखर ठेवून मोकळी झाली.

पहिल्याच आठवड्यात माझ्या पायाखालची जमीन सरकली. सॅम्पल रूमच्या काचेच्या कपाटात आईचा हार लटकत होता. खवल्यांचा, तोच. म्हणजे मी चोरीसाठी अख्ख्या बाजारातून हार निवडला तो नेमका यांचाच, आणि काढून दाखवला तो त्यांच्याच सॅम्पल रूमवालीला. आंटीला पहिल्या नजरेला कळलं असणार. मग बोलली का नाही? हाकललं का नाही? मी रात्री आढ्याकडे बघत पडायचे. शेवटी मी ठरवलं की बाईनं मला गळाला लावून ठेवलंय. कधीतरी दोरी ओढणार. तोपर्यंत मुकाट काम करायचं आणि सावध राहायचं.

आणि तिचं वागणं असं, की संशय कमी व्हायची सोयच नाही. बाकीच्या डिझायनरांचे कागद संध्याकाळी तिच्या लोखंडी कपाटात जायचे. माझे मात्र ती माझ्या हातात परत द्यायची. तुझं तू घरी ने, म्हणायची. का? माझेच का नकोत? मी घरी जाऊन त्यांचे फोटो काढायचे आणि स्वतःलाच मेल करायचे. तिनं माझं टेबल तिच्या बरोबर समोर लावून घेतलं होतं, मान वर केली की तिचे डोळे. शुक्रवारी ती जवळ्याची चटणी आणायची आणि डबा आधी माझ्यापुढे करायची. मी आधी तिला खाऊ द्यायचे, मग खायचे. खोटं कशाला बोलू, चटणी फार चविष्ट असायची.

सगळ्यात कहर म्हणजे अक्षराचं प्रकरण. माझं पहिलं डिझाइन पास झालं तेव्हा आंटी शेठकडे गेली आणि म्हणाली, या मुलीच्या प्रत्येक नगाच्या मागे, हुकाजवळ, तिच्या नावाचं पहिलं अक्षर ठोकायचं. इमिटेशनच्या धंद्यात असं कोण करतं? शेठ हसायला लागला, मग चिडला, मग कामगारांसमोर आवाज चढवला. आंटी हलली नाही. म्हणाली, नसेल जमत तर दुसरी सॅम्पलवाली बघा. दोन दिवस ती घरी बसली. तिसऱ्या दिवशी शेठनं अक्षराचा ठसा बनवून घेतला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक झुमक्याच्या, प्रत्येक हाराच्या मागे, मसूरडाळीपेक्षा बारीक, माझं अक्षर आहे. दुसरी कुणी असती तर रडली असती आनंदानं. मी काय विचार केला असेल? मी विचार केला, उद्या माल परत आला, कुणाच्या गळ्याला पुरळ उठलं, तर नाव कुणाचं सांगायचं याची सोय करून ठेवली म्हातारीनं. असा माझा स्वभाव.

पण शिकवलं तिनंच. कागद बाजूला ठेवून हार आधी स्वतःच्या गळ्यात घालून चार जिने चढून ये, हे तिनं शिकवलं. झाळ जिथं दिसत नाही तिथं बोट फिरवून बघ, हे तिनं शिकवलं. मी चांगलं काही काढलं की ती कधी चांगलं म्हणायची नाही. कागद पलटायची, मागचं बघायची आणि मान हलवून परत द्यायची. मला वाटायचं, हिला माझ्यात खोट सापडत नाहीये म्हणून ही वैतागलीय. तशी चार वर्षं गेली, दोघी समोरासमोर, एकमेकींवर डोळा ठेवून.

मग तिच्या डोळ्यांत काहीतरी झालं, पडद्याचं. ऑपरेशन झालं, पण बारीक काम दिसेना. एका सोमवारी ती आलीच नाही. तिच्या भाचीचा फोन आला, कपाट शेठला फोडू देऊ नका, मी किल्ली घेऊन येते. कपाट उघडलं तर भाचीनं त्यातून एकच पाकीट घेतलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. शेठ म्हणाला, काय होतं त्यात? भाची म्हणाली, आंटीचं हाय.

महिन्याभरानं मला निरोप आला, येऊन जा. भाईंदरहून बस पकडून मी पालीला गेले. गल्ली एवढी अरुंद, की समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. घरासमोर दोरीवर बोंबील सुकत होते. आंटी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली. मी जवळ जाईपर्यंत तिनं ओळखलं नाही. तेव्हा मला कळलं की ही बाई मला आवडते. इतकी वर्षं संशय घेण्यात हे लक्षातच आलं नव्हतं.

मी केळी नेली होती, तिनं ती उलटी करून बघितली नाही. भाचीला आत पाठवलं आणि ते पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

आत एक कागद होता. जुना, कडा पिवळट, वॉक-इनचा. कोपऱ्यात नंबर एकतीस. पुढच्या बाजूला खवल्यांचा हार, पेन्सिलनं, इतका सुंदर की आईचा हार त्याच्यापुढे काहीच नाही. मी पलटला. मागच्या बाजूला प्रत्येक खवल्याला कडी, आणि सगळ्या कड्यांतून ओवलेली बारीक साखळी.

‘तुझा कागद,’ आंटी म्हणाली. ‘घे.’

मग ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. मी यायच्या आदल्या वर्षीचं वॉक-इन. तिला दोन महिने काही सुचत नव्हतं, प्रदर्शन जवळ आलेलं, शेठ डोक्यावर बसलेला. तेवढ्यात हा कागद समोर आला. तिनं एकतीस नंबर पुकारला, पण ती मुलगी वाट बघून बघून निघून गेली होती. कागदावर नाव नव्हतं. नाव नको हा नियम तिचाच, शेठनं ओळखीपाळखीच्या पोरी घुसवू नयेत म्हणून केलेला. तिनं दोन दिवस कागद कपाटात ठेवला, तिसऱ्या दिवशी शेठसमोर ठेवला आणि माझं हाय म्हणाली. शेठनं साखळी उडवली, पीछे कौन देखता है म्हणून. हार धडाक्यानं खपला. आयुष्यात हे एकदाच केलं, म्हणाली. मग पुढच्या वर्षी वॉक-इनला ती मुलगी परत येते का म्हणून बघत होती, आणि मी आले. तोच हार काढला. मागे तीच साखळी काढली, जी बाजारातल्या एकाही हाराला नव्हती. शेठ ती कधीच विसरला होता, माहीत असणार फक्त दोघींना, जिनं काढली ती आणि आंटी. आणि वर मी म्हटलं, तुम्हीच आठवा की.

‘मना वाटलं, तू आज बोलशील, उद्या बोलशील,’ ती म्हणाली. ‘चार वर्सं न्हाय बोललीस गो. लई मोठं मन हाय तुझं.’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे मला वाटत होतं हिला माझी चोरी माहीत आहे, आणि हिला वाटत होतं मला हिची माहीत आहे. परत दिलेले कागद, समोरचं टेबल, चटणी, ते अक्षर. सगळं त्या एकतीस नंबरला दिलेलं होतं. माझ्या नावाचं अक्षर, पण दुसरीच्या हक्काचं.

सांगायला हवं होतं. आंटी, हा कागद माझा नाही, मी आईच्या गळ्यातला हार उतरवला होता, साखळी योगायोगानं सुचली, ती मुलगी वेगळी. चार वाक्यं. ओठांपर्यंत आली होती. लोकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, तू म्हातारीवर दया केलीस. दया थोडी होती, नाही म्हणत नाही. पण खरं सांगायचं तर मी घाबरले. बोलले असते तर नोकरीपासून अक्षरापर्यंत एकही गोष्ट माझी उरली नसती. आणि मनात कुठंतरी हेही आलं, की झुमक्याच्या वेळी माझी कुणी माफी मागितली होती? कुणीतरी मागतंय, तर घे.

तिनं माझा हात धरला.

‘माफ केलंस?’

मी म्हटलं, ‘केलं.’

तिनं डोळे मिटले आणि छातीवर क्रॉस केला. तिचे खांदे मी इतके सैल कधीच बघितले नव्हते. मग तिनं भाचीला हाक मारून पेन आणायला सांगितलं. ते माझ्या हातात दिलं आणि कागदावर बोट ठेवलं, हाराच्या खाली, जिथं मोकळी जागा होती. नाव लिही म्हणाली, पूर्ण, माझ्यासमोर, म्हणजे मी सुटले.

मी म्हटलं, पेन्सिल नाही का? म्हणाली, न्हाय, पेन्सिल पुसता येते.

मी लिहिलं. तिला ते वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं मला वाचून दाखवायला सांगितलं, आणि मी माझं नाव वाचून दाखवलं.

त्या उन्हाळ्यात आंटी गेली. पुरायला अख्खी पाली जमली होती. भाची मला मिठी मारून म्हणाली, तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून आंटी रात्रीची शांत झोपायची. आता वॉक-इन मी घेते. नाव लिहायला लावते, पुढच्या बाजूला आणि मागच्याही. त्या मुलीबद्दल मी गेटवरच्या वॉचमनला विचारलं, जुन्या याद्या शोधल्या, ग्रुपवर टाकलं, काही पत्ता नाही. उद्या ती आलीच, तर तिचा कागद मी जपून ठेवला आहे. काढून देईन तिला. आणि ती बघेल, तिच्या हाराखाली माझं नाव आहे, माझ्या अक्षरात, पेनानं लिहिलेलं.